रोटाव्हेटरचं बेअरिंग आणि पाती : बदलताना काय बघाल?



सोयाबीन निघालं की हरभऱ्यासाठी रान तयार करायला हातात थोडेच दिवस असतात. वाफसा गेला की गेला. नेमका त्याच दिवसांत रोटाव्हेटर बंद पडतो, मिस्त्री मिळत नाही आणि दुकानात जे हाताला लागेल ते बसवावं लागतं. म्हणून ही माहिती हंगामाच्या आधी देत आहोत.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : *बेअरिंग सहसा एकटं जात नाही. आधी सील फाटतं किंवा पाती कमी-जास्त झिजतात, मग बेअरिंग जातं.* मूळ कारण तसंच ठेवून नुसतं बेअरिंग बदललं, तर नवीनही त्याच वाटेनं जातं.

*१) आधी तपासणी*
ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, पीटीओ शाफ्ट काढलेला. रोटाव्हेटर उचलून खाली मजबूत ठोकळे किंवा स्टँड लावा. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर यंत्राखाली हात घालू नका.
– रोटर हातानं फिरवा. किरकिर किंवा खरखर आवाज येतो का?
– पहारीनं रोटर वर-खाली हलवून बघा. टोकाला ढिलाई जाणवते का?
– बाजूनं ऑइल गळतंय का? ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी शिरलंय.
– शाफ्टभोवती पाचट, हरळी, दोरी, ठिबकची नळी गुंडाळली आहे का? हाच गुंडाळा सील कापतो आणि चिखलाला वाट करून देतो. कामाच्या दिवसांत रोज संध्याकाळी तो काढा.

*२) बेअरिंग : नंबर वाचून घ्या*
"बसतंय की" एवढ्यावर बेअरिंग घेऊ नका. साध्या बॉल बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे घ्या आणि पाचनं गुणा, आतलं भोक मिळतं (०४ पासून पुढच्या नंबरांना हा हिशेब लागू होतो). ६२०८ आणि ६३०८, दोन्हीचं भोक ४० मिमी. पण ६२०८ बाहेरून ८० मिमी आणि १८ मिमी रुंद, तर ६३०८ बाहेरून ९० मिमी आणि २३ मिमी रुंद. ६३०८ जास्त भार घेतं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही.

नंबराच्या पुढची अक्षरंही बघा :
– *२आरएस* : दोन्ही बाजूंना रबरी सील. धूळ-चिखलापासून बचाव चांगला. ग्रीस आतच भरलेलं असतं.
– *झेडझेड* : दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. मोठा कचरा अडतो, पाणी आणि बारीक माती अडत नाही.
– काहीच लिहिलेलं नसेल तर बहुधा उघडं बेअरिंग. ऑइलमध्ये चालणाऱ्या जागी हेच असतं. तिथे बंद बेअरिंग मनानं बसवू नका.
– *सी३* : आत थोडी जास्त मोकळीक. गरम होऊन धातू फुगला तरी बेअरिंग जाम होत नाही. जुन्यावर सी३ असेल तर नवीनही सी३च घ्या.

काही यंत्रांत टेपर रोलर बेअरिंग असतं. त्याचा कप आणि कोन दोन्ही एकदमच बदला. जुन्या कपात नवा कोन टिकत नाही.

खोटा माल ओळखायला खोका आणि बेअरिंग यांच्यावरचा नंबर जुळवा. कोरीव अक्षरं स्पष्ट हवीत. नेहमीच्या निम्म्या भावात नामांकित कंपनीचं बेअरिंग मिळत असेल तर शंका घ्या. अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या, पक्कं बिल मागा.

*३) सील : बेअरिंगसोबत नवीनच*
सीलवर तीन आकडे असतात. ४५-६५-१० म्हणजे आतून ४५, बाहेरून ६५, रुंदी १० मिमी. काढताना सीलचं तोंड कुठल्या बाजूला होतं, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सील जिथे घासतं तिथे शाफ्टवर बोट फिरवा. खाच लागली असेल तर नवीन सीलही गळणार. आधी शाफ्टचं काम करून घ्या.

*४) बसवताना*
शाफ्टवर बेअरिंग चढवताना जोर आतल्या कड्यावर द्या. बाहेरच्या कड्यावर हातोडा मारला तर तो मार गोळ्यांमधून जातो आणि आत खळगे पडतात. असं बेअरिंग नवीन असूनही लवकर आवाज करू लागतं. हाउसिंगमध्ये बसवताना मात्र जोर बाहेरच्या कड्यावर.

*५) पाती : भावापेक्षा एकरी खर्च बघा*
पाचट, धसकटं आणि तण असलेल्या रानात एल आकाराची पाती बरी. जड, ओल्या, चिकट रानात सी आकाराची पाती कमी भरतात. मुरमाड आणि वाळूमिश्रित रानात झीज लवकर होते, तिथे हलकं पातं महागात पडतं. बोरॉन स्टीलची, कडक केलेली पाती मागा. घेण्याआधी जुनं पातं सोबत न्या : भोकांमधलं अंतर, जाडी आणि डावं-उजवं जुळलं पाहिजे.

हिशेब असा करा. समजा ४२ पाती लागतात. ९० रुपयांचं पातं ४० एकर चाललं, तर ३,७८० रुपये भागिले ४०, म्हणजे एकरी साडेचौऱ्याण्णव रुपये. १४० रुपयांचं पातं ८० एकर चाललं, तर ५,८८० भागिले ८०, म्हणजे एकरी साडेत्र्याहत्तर. आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही भरा. त्यासाठी सेट बसवला त्या दिवसाची तारीख आणि ट्रॅक्टरच्या मीटरवरचे तास लिहून ठेवा.

आता बेअरिंगशी संबंध. एका बाजूला नवीन जड पाती आणि दुसऱ्या बाजूला झिजलेली हलकी, असं झालं की रोटर थरथरतो. तो प्रत्येक हादरा बेअरिंग सोसतं. म्हणून :
– शक्यतो पूर्ण सेट बदला. तुटलेल्या एखाद्या पात्याच्या जागी तेवढंच झिजलेलं जुनं चांगलं पातं लावा. त्यासाठी दोन-चार जुनी पाती राखून ठेवा.
– सगळी पाती एकदम काढू नका. एक काढा, एक लावा. म्हणजे पात्यांची फिरती मांडणी चुकत नाही. मांडणी चुकली तर दोन-तीन पाती एकाच वेळी जमिनीवर आदळतात आणि झटके बसतात.
– धार जमिनीत आधी शिरली पाहिजे. उलटं लावलेलं पातं माती कापत नाही, रेटतं.
– तुटलेलं पातं वेल्डिंग करून वापरू नका. उष्णतेनं त्याचा कडकपणा बिघडतो. तुकडा उडाला तर जिवावर बेततं.
– बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा आकडा बघा. पहिल्या एक-दोन तासांच्या कामानंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

*आता काय करायचं?*
या आठवड्यात वरची तपासणी करा. बेअरिंग किंवा सील बदलायचं असेल तर त्यावरच्या नंबराचा स्पष्ट फोटो, आणि पाती हवी असतील तर जुन्या पात्याचा फुटपट्टी ठेवून काढलेला फोटो व पात्यांची संख्या या नंबरवर पाठवा. एकाच मापाची मागणी जमली तर आपण एकत्र खरेदीचा भाव मागू आणि सगळ्यांना बिलासह माल मिळेल.

ज्यांच्याकडे भाड्याचा रोटाव्हेटर येतो, त्यांनीही मालकाला हा संदेश पुढे पाठवा. यंत्र त्याचं असलं तरी वाफसा तुमचा आहे.

— अवजार सल्ला, आपली शेतकरी उत्पादक कंपनी