मोटारीच्या रेडिएटरची गळती

बदलापुराहून अंबरनाथ, उल्हासनगर या मार्गानें कल्याणच्या बाजारीं भाजी नेणाऱ्या शेतकऱ्यांस आमचें सांगणें असें कीं, रेडिएटरचें पाणी घटत असल्यास तें नुसतें भरीत राहूं नये. इंजिन तापून निकामी होतें.

इंजिन पूर्ण निवाल्यावरच झाकण उघडावें. रात्रीं गाडीखालीं पुठ्ठा अंथरावा. सकाळीं डाग पडेल त्याच्या वरील नळ्या, पंप व रेडिएटर तपासावे. वाळलेला पांढुरका वा रंगीत थर ही गळतीची खूण. पट्टी सैल असल्यास आवळावी, नळी चिरली असल्यास बदलावी. बाहेर थेंब नसतां पाणी घटून तेल दुधाळ झाल्यास हेड गॅस्केट गेल्याचा संभव असतो; गाडी चालवूं नये.

सांडलेलें ग्लायकॉलयुक्त कूलंट गोड पण विषारी. तें गुरांच्या तोंडीं जाऊं देऊं नये.