तारा बदलतेस तर मुळापासून बदल

चि. सायली,

बोटीचे फोटो पोचले. साउदॅम्प्टनच्या पावसातही झकास दिसते. तिची चाळिशी उलटलीय हे फार मनावर घेऊ नकोस, त्या काळी फायबरग्लास सढळ हाताने ओतत. मला धास्ती आहे ती डोलकाठी उभी धरणाऱ्या तारांची. आधीचा मालक म्हणतो, ‘काही वर्षांपूर्वीच बदलल्यात.’ पावती आहे का? नसेल तर मूळच्याच आहेत असं धरून चाल. रिगिंगला, म्हणजे या तारांना, दहा वर्षं उलटली की बरेच विमेवालेही कुरकुरतात.

तारा चकचकीत आहेत म्हणून निर्धास्त होऊ नकोस. स्टेनलेस टिकतं ते अंगावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि त्या थराला प्राणवायू लागतो. दाबून बसवलेल्या टोकात खारं पाणी मुरतं, हवा पोचत नाही, आणि आतल्या आत पोखरायला सुरुवात होते. म्हणून खालची टोकं आधी जातात. वरच्यांची तोंडं खाली असल्याने पाणी निथळतं. भिंगाने खालच्या टोकाच्या नळीवर केसासारखी उभी चीर शोध. मग तारेवरून जुना सुती फडका फिरव, उघडा हात नको. धागा अडकला तर १९ पैकी एखादा पदर तुटलाय. एक तुटला तरी तार बाद, आणि तिच्या वयाच्या बाकीच्याही बाद समज.

नव्या तारांची वरची टोकं रिगरकडून यंत्राने दाबून घे. खालची स्टा-लॉक पद्धतीची घे, ती तू स्वतः दोन पान्यांनी बसवशील. बाहेरचे १२ पदर उकलायचे, आतल्या सातांवर शंकू सरकवायचा, पदर पुन्हा वळवून आवळायचं, आत सीलंट भरायचं. पहिलं टोक उघडून पदर नीट बसलेत का ते बघच. आटे कोरडे फिरवू नकोस, स्टेनलेसने स्टेनलेसला धरलं की सुटत नाही, लॅनोलिन लाव.

पण खरा संशय माझा चेनप्लेटवर आहे. तारा जिथे बोटीला बांधतात त्या, डेकमधून खाली जाणाऱ्या पट्ट्या कुणी काढून बघत नाही, कारण त्यासाठी केबिनमधली कपाटं सोडवावी लागतात. डेकच्या जाडीत झाकलेला तेवढाच तुकडा ओला राहतो आणि तिथेच कुजतो. वर-खाली आरसा, मधे कुजका. हजारो पौंडांच्या नव्या तारा असल्या पट्टीला बांधण्यात काय अर्थ? पैसे अपुरे पडत असतील तर नवी शिडं पुढच्या वर्षी घे.

गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’ बोटीची डोलकाठी २०१८ साली दक्षिण हिंदी महासागरात मोडली, पाठ दुखावलेल्या तिच्या नाखव्याला, अभिलाष टॉमीला, फ्रेंच जहाजाने वाचवलं. ते वादळाचं काम होतं. तुझी डोलकाठी मात्र सोलेंटच्या सामुद्रधुनीत, ऐन उन्हात, तारा अडकवून धरणाऱ्या चार आण्यांच्या स्प्लिट पिनेपायी जाईल. त्या सगळ्या नव्या घाल, टोकं थोडीच फाकव आणि वर टेप गुंडाळ.

ताण अंदाजाने देऊ नकोस. १×१९ तारेवर दोन मीटरची मोजपट्टी फक्त तिच्या वरच्या टोकाशी बांध, तिचं खालचं टोक मोकळं ठेव. तार एक मिलिमीटर लांबली की तुटण्याच्या भाराचे ५ टक्के ताण आला. कॅप श्राउडना, म्हणजे डोलकाठीच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या तारांना, तीन मिलिमीटरपर्यंत पुरे.

जुन्या तारा मात्र इतक्यात भंगारात देऊ नकोस. प्रत्येकीला चिठ्ठी बांध, पिनेपासून पिनेपर्यंत मोजलेली लांबी, ताण देणारा टर्नबकल किती उघडा होता त्यासकट लिही, आणि चेनप्लेट काढल्या की डेकजवळच्या भागाचे फोटो लगेच पाठव.

तुझा,
काका