चिरा, कौल आणि पागोळी

वेंगुर्ल्याकडे नवें घर बांधूं पाहणाऱ्या कुटुंबापुढें आज बहुधा एकच नमुना असतो : सिमेंटचा सपाट स्लॅब. तो कर्ज काढून घातला जातो, आणि कांहीं वर्षांनीं गळूं लागला म्हणजे त्यावर पत्रे चढवावे लागतात. एका घरास दोन छपरें, आणि कर्ज अद्याप फिटावयाचेंच! म्हणून कागदावर सही करण्यापूर्वीं आपल्या भूमीनें काय दिलें आहे तें आपण पाहूं.

आपल्या पायांखालीं जांभा आहे. फ्रान्सिस बुकानन ह्यांनीं १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या मलबारच्या प्रवासवर्णनांत लॅटिन भाषेंतील विटेच्या नांवावरून त्यास 'लॅटराइट' म्हटलें. कारण तो खाणींत मऊ कापतां येतो आणि वाऱ्याउन्हांत टणक होतो. चिऱ्याची जाड भिंत दिवसाची धग सावकाश आंत घेते. परंतु चिरा पाणीही पितो. यास्तव चौथरा उंच घ्यावा, छपराचा उतार भिंतीच्या पुष्कळ पुढें न्यावा, आणि पावसाचा मारा ज्या बाजूनें येतो त्या नैऋत्येस पडवी काढावी.

कौलांची गोष्ट तर आपल्या मंडळ्यांस जवळची आहे. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. ख्रिस्ती झाल्यामुळें ज्यांचा धंदा सुटला अशांस त्या मिशनच्या कारखान्यांत काम मिळे. कौलारू घर दरवर्षीं शाकारावें लागतें, आणि माकडें कौलें फोडतात, हें खरें. तथापि फुटलें तर एक कौल बदलतां येतें, स्लॅबचा तुकडा बदलतां येत नाहीं. माड मात्र छपरापासून दूर लावावा.

१९४५ सालीं कुष्ठरोग्यांच्या सेवाकार्यासाठीं हिंदुस्थानांत आलेले लॉरी बेकर हे क्वेकर स्थापत्यकार होते. घराचें साहित्य पांच मैलांच्या आंतील असावें, हा गांधीजींचा सल्ला त्यांनीं जन्मभर मनांत ठेविला. त्या मापानें चिरा, फणसाचें लांकूड, माती व शेण आपणांस उतरतात. कौलें उतरत नाहींत. आम्ही त्याबद्दल हट्ट धरणार नाहीं. न्हाणीघरास सिमेंटही हवेंच.

उरली पागोळी. येथें वर्षांत अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे शंभर चौरस मीटर छपरावरून अडीच लाख लिटर पाणी व्हाळांत जातें, आणि मे महिन्यांत विहिरीचा तळ दिसतो. पागोळीखालीं चर खणून तो विहिरीच्या वरच्या अंगास खडी-वाळूनें भरलेल्या खड्ड्यांत सोडावा. खड्डा शौचकूपापासून दूर असावा, आणि हें काम मृगापूर्वीं उरकावें.