मोआबला निघण्यापूर्वी

चि. केतकीस,


तुझा तीन दिवसांचा आराखडा काल सावकाश वाचला. ताई आणि भाऊजी साताऱ्याहून येताहेत आणि तू त्यांना लास वेगासऐवजी यूटातल्या मोआबला नेते आहेस, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. ऑक्टोबरचा मधला आठवडाही अगदी योग्य निवडलास. उन्हाळ्यात तिथला पारा 38 अंशांच्या वर जातो आणि जुलै ते सप्टेंबर दुपारच्या गडगडाटी सरींचा धोका असतो. तारखा बदलू नकोस, पण यादी मात्र बदलावी लागेल.

एलिफंट हिल आधी काढून टाक. तिथे दगडांच्या पायऱ्यांवरून गाडी उतरवावी लागते आणि एका जागी वळायला जागाच नसल्यामुळे काही अंतर गाडी उलटी न्यावी लागते. शिवाय त्याला आगाऊ परवाना लागतो. हेल्स रिव्हेंजसुद्धा नको. पहिल्यांदाच फोर-व्हील गाडी हातात घेणाऱ्यानं, मागच्या सीटवर आईवडील बसलेले असताना, त्या उभ्या खडकांवर जाऊ नये. लिटल वाइल्ड हॉर्सची घळ सुंदर आहे, पण मोआबहून जाऊन-येऊन अर्धा दिवस गाडीतच जाईल. ती पुढच्या खेपेला, स्वतंत्र दिवस काढून कर.

तुझ्या आराखड्यात प्रत्येक ओळीत कुठे पोचायचं ते लिहिलं आहेस, पण कुठून आणि किती वाजता परत फिरायचं हे एकाही ओळीत नाही. मला सर्वांत जास्त ते खटकलं. त्या मुलुखात माणसं अडकतात ती बहुधा अर्ध्या तासाच्या हट्टापायी. पुढचं वळण तेवढं बघू, म्हणतात आणि मग पाणी संपतं किंवा अंधार पडतो. ऑक्टोबरच्या मध्यात पावणेसातच्या आतच सूर्य मावळतो. म्हणून प्रत्येक ठिकाणापुढे परतीची वेळ आधी लिही, बाकीचं मागाहून. आणि दिवसाला कच्च्या रस्त्याची एक फेरी आणि फार तर दोन चाली, एवढंच ठेव.

पहिला दिवस कॅनियनलँड्स उद्यानातल्या आयलंड इन द स्कायला दे. तिथे पेट्रोल नाही, खायलाही काही मिळत नाही, तेव्हा टाकी आणि डबे मोआबमध्येच भरून घे. मेसा आर्चची वाट जाऊन-येऊन मैलभरही नाही. ताई ती सहज करेल. नंतर ग्रँड व्ह्यू पॉइंट. तिथली चाल दोन मैलांची आणि बरीचशी सपाट आहे, पण वाट थेट कड्याच्या काठानं जाते आणि कठडा नाही. ताईला चक्कर आल्यासारखं वाटलं तर सुरुवातीच्या सज्जावरूनही खालचा सगळा पसारा दिसतो, तिला तिथेच बसू दे.

दुपारी शेफर रोड. वरच्या सज्जावर गाडी थांबवून आधी पूर्ण रस्ता डोळ्यांनी उतरून बघ. कड्याला बिलगून नागमोडी वळणं घेत तो जवळजवळ दीड हजार फूट खाली जातो. पूर्वी ती गुराख्यांची वाट होती, 1950च्या दशकात युरेनियमचे ट्रक न्यायला ती रुंद केली. बघून छातीत धस्स झालं, तर आल्या वाटेनं डांबरी रस्त्यानं परत जा. भाऊजींना त्यात काही कमी वाटणार नाही.

उतरायचं ठरलं तर वरच, सपाट जागी, गाडी थांबवून लो-रेंज टाक आणि पहिल्या गिअरमध्ये राहा. गाडीचा वेग इंजिनालाच आवरू दे. नवखा माणूस घाबरून सारखा ब्रेक दाबून ठेवतो, ब्रेक तापतात, जळका वास यायला लागतो आणि मग जिथे खरी गरज असते तिथे ते नीट धरत नाहीत. ब्रेक थोडा वेळ दाबायचा, सोडायचा, परत गिअरवर यायचं. खिडक्या उघड्या ठेव, म्हणजे समोरच्या गाडीचा आवाज वळणाआधीच कानावर येईल. चढून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची असते, त्यामुळे पुढे रुंद जागा कुठे आहे त्यावर भाऊजींनी नजर ठेवावी. मागे सरकायची वेळ आली तर एका माणसानं खाली उतरून खुणा कराव्यात. नुसत्या आरशावर आणि कॅमेऱ्यावर विसंबू नकोस. भाड्याच्या गाडीच्या चाकांतली हवा कंपनीला विचारल्याशिवाय कमी करू नकोस.

खाली पोचल्यावर व्हाइट रिमचा फाटा लागेल. तो धरू नकोस, तो फेरा शंभर मैलांचा आहे आणि त्याला परवाना लागतो. तू पोटॅश रोडनं मोआबला ये. लोक शेफरला घाबरतात, पण गाडीला हिसके जास्त याच रस्त्यावर बसतात, कारण अधूनमधून खडकाचे टप्पे आहेत. घाई केलीस तर गाडी खालून घासेल. वाटेत पोटॅशच्या खाणीचे निळेशार तलाव दिसतील. पाणी लवकर आटावं म्हणून त्यात निळा रंग मिसळतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रँडस्टाफ कॅनियन. ताईसाठी याहून चांगली चाल त्या भागात मला माहीत नाही. बारा महिने वाहणारा ओढा आहे, सावली आहे, चढ बेताचा आहे. ओढा बऱ्याचदा ओलांडावा लागतो, म्हणून मोज्यांचा जादा जोड घे. शेवटी 243 फूट लांबीचा नैसर्गिक दगडी पूल आहे, पण तिथवर गेलंच पाहिजे असं नाही. ताई म्हणेल तिथून फिरा. पुलाखाली तीन-तीन पानांची पॉयझन आयव्ही माजलेली असते. तिला हात लागला तर अंगाला भयंकर खाज सुटते.

भाऊजींचा जीव तेवढ्यानं भरणार नाही. त्यांना संध्याकाळी कोरोना आर्चला ने. दोन ठिकाणी लोखंडी दोर धरून आणि एका छोट्या शिडीवरून चढायचं आहे, त्यांना आवडेल. एक मात्र त्यांना नीट समजावून सांग. रोज अजिंक्यतारा चढणाऱ्या माणसाला खडक ओळखीचा वाटतो, पण हा काळा बसाल्ट नव्हे, वालुकाश्म आहे. चढताना बूट घट्ट धरतात म्हणून माणूस सहज वर जातो आणि उतरताना गोल उतारावर पाय कुठे टेकावा ते कळत नाही. जिथून उतरता येईल अशी खात्री नाही तिथे चढायचं नाही. आणि आपल्या किल्ल्यांवर टाकं असतं, पायथ्याला गाव असतं, कुणाला तरी वाट विचारता येते. इथे ते काहीच नाही. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, म्हणजे जवळजवळ चार लिटर, आणि वर गाडीत राखीव. अर्धं पाणी संपलं की परत फिरायचं, मग कमान समोर दिसत असली तरी.

वाट सोडून मातीवर पाय ठेवू नका. झुडपांच्या मधल्या जमिनीकडे वाकून बघ, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी काळसर, खडबडीत साय दिसेल. ती जिवंत आहे. सायनोबॅक्टेरियाचे धागे, शेवाळ आणि दगडफूल मिळून ती वाळू धरून ठेवतात, त्यावरच पुढे झुडपं उगवतात. एका पावलानं ती मोडते आणि भरून यायला कित्येक दशकं लागतात. फोटोसाठी गाडी बाजूला घेतानाही हे ध्यानात असू दे. खडकावर चालायचं, नाहीतर कोरड्या नाल्याच्या वाळूत.

नाल्यात शिरताना मात्र आभाळ बघायचं, आणि आपल्या डोक्यावरचं तेवढं नाही. 12 ऑगस्ट 1997 रोजी ॲरिझोनातल्या अँटिलोप कॅनियनमध्ये अकरा पर्यटक पुरात गेले, तेव्हा पाऊस कित्येक मैल दूर पडला होता. उघड्या खडकात पाणी मुरत नाही, ते सगळं घळीत येतं. आदल्या रात्री आणि सकाळी हवामान खात्याचा इशारा बघ आणि उद्यानाच्या माहिती केंद्रात रस्त्याची स्थिती विचार. पाऊस होऊन गेला असेल तर चिकणमातीच्या रस्त्यावर जाऊच नकोस. ओल्या मातीत चाकं फोर-व्हीललाही दाद देत नाहीत. तसं झालं तर तिसऱ्या दिवसाचा ओनियन क्रीकचा रस्ता रद्द कर. त्यात पुन्हापुन्हा ओढ्यातून गाडी न्यावी लागते. त्याऐवजी आर्चेस उद्यानात डांबरी रस्त्यानं हिंडा, ताई उलट जास्त खूश होईल.

मोआब सोडलं की बहुतेक ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून ठेव. रोज निघताना मला रस्त्याचं नाव, गाडीचा नंबर आणि परतीची वेळ कळव. ॲरन राल्स्टन 2003 मध्ये ब्लू जॉन कॅनियनमध्ये दगडाखाली हात अडकून पाच दिवस पडला होता. ए. आर. रहमानचं संगीत असलेला ‘127 अवर्स’ तू पाहिला असशील. तो कुठे गेलाय हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. तुझा रात्री आठपर्यंत फोन आला नाही, तर मी ग्रँड काउंटीच्या शेरीफला कळवीन. उगीच काळजी करते असं म्हणू नकोस.

आता पहिलं काम. डेन्व्हरहून घेतलेल्या साध्या भाड्याच्या गाडीच्या करारात कच्च्या रस्त्याला बहुतेक मनाईच असते. काही बिघडलं तर विमा हात वर करतो. म्हणून जीप मोआबमध्येच घे, आणि पैसे भरण्याआधी त्यांना शेफर आणि पोटॅश या दोन्ही रस्त्यांची नावं घेऊन विचार, परवानगी लेखी माग. उत्तर आलं की मला पाठव, मग वेळा मिळून ठरवू.

ताई-भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी