क्रूझच्या आदल्या रात्रीचा मुक्काम: जालन्याहून निघणाऱ्यांसाठी

मुंबईहून गोव्याला किंवा लक्षद्वीपला क्रूझने जाऊन आलेली मंडळी आता जालन्यातही भेटतात. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं. पॅकेजचे पैसे भरून होतात, कपड्यांची खरेदी होते आणि मुंबईतल्या मुक्कामाचा विषय निघतो तो अगदी शेवटी. मग कुणीतरी मोबाइलवर सगळ्यात स्वस्त दिसेल ती खोली बुक करून टाकतं. ती निघते स्टेशनपासून तीन किलोमीटर आत, भलत्याच लाइनवर. खोलीचं भाडं वाचतं, पण सामान आणि म्हातारी माणसं घेऊन धक्क्यापर्यंत पोहोचताना त्याची पुरेपूर किंमत मोजावी लागते. म्हणून खोली शोधायची तर धक्क्याकडून सुरुवात करून उलट दिशेनं यावं.

आधी क्रूझचं तिकीट नीट वाचा. त्यावर बोट सुटायची वेळ असते, पण आपल्या कामाची वेळ वेगळी: बोर्डिंग बंद कधी होणार ती. बोट सुटायच्या बरंच आधी दारं बंद होतात आणि बोट कुणासाठी थांबत नाही. दुसरं पाहायचं ते गेट. मुंबई बंदराच्या गेटांना रंगांची नावं आहेत: ग्रीन गेट, ब्लू गेट, ऑरेंज गेट, यलो गेट. बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ला झालं, पण टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझला जायचंय' म्हटलं तर तो भाऊच्या धक्क्यालाही नेऊन सोडेल. तिकिटावर जे गेट लिहिलंय ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून खिशात ठेवा. बॅलार्ड पिअर असेल तर आपलं स्टेशन सीएसएमटी. तिथून धक्का दीड-दोन किलोमीटर आहे.

आता दिवस. देवगिरी एक्सप्रेस रात्री जालन्याहून निघते आणि सकाळी मुंबईला टेकते. त्यामुळे मुक्कामाचा खर्चच नको, त्याच दिवशी बोटीवर चढू, असं बऱ्याच जणांना वाटतं. हलकी बॅग घेऊन निघालेल्या दोन तरुणांनी तसं केलं तर मी त्यांना अडवणार नाही. पण सोबत आई-वडील किंवा लहान मुलं असतील तर नको. मनमाडला गाडी अडली किंवा कसाऱ्याच्या घाटात काही झालं, तर हजारो रुपयांची सहल तिथेच बुडते. एक दिवस आधी निघा, तेही दिवसाच्या गाडीनं. वंदे भारत किंवा जनशताब्दीनं सकाळी निघालं की दुपारी, फार तर दुपार उलटता उलटता पोहोचता येतं आणि तोवर लॉजवर खोली मिळायची वेळही झालेली असते. देवगिरीनं सकाळी सातला उतरलात तर बाराच्या चेक-इनपर्यंत सामान घेऊन बसायचं कुठं, हा प्रश्न उरतोच.

उपनगर निवडताना जालनेकरांची एक मोठी सोय आहे, आणि तिचा फायदा फार कमी जण घेतात. आपल्या मुंबईच्या बहुतेक गाड्या कल्याण, ठाणे, दादर करतच सीएसएमटीला जातात. म्हणजे उपनगर आपल्या वाटेवरच आहे. सीएसएमटीला उतरून पुन्हा अंधेरीकडे किंवा बोरिवलीकडे उलटं जायचं काही कारण नाही. ठाण्यालाच उतरा. समृद्धी महामार्ग जून २०२५मध्ये भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत पूर्ण खुला झाला, तेव्हापासून स्वतःच्या गाडीनं येणाऱ्यांनाही ठाणे आधीच लागतं.

माझी पसंती अशी: पहिलं ठाणे, मग मुलुंड, मग घाटकोपर. तिन्ही मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर आहेत आणि तिथून सीएसएमटीला लोकल न बदलता जाता येतं. ठाण्याहून सुटणारी धीमी लोकल पकडली तर बसायला जागाही मिळते. वेळ थोडा जास्त लागतो, पण सामान असताना बसायला मिळणं हे वेळेपेक्षा महत्त्वाचं. दादर सोयीचं असलं तरी भाडं जास्त आणि खोल्या लहान. वाशी-सानपाडा भागात खोल्या स्वच्छ आणि त्या मानानं मोठ्या मिळतात, हार्बर लाइन थेट सीएसएमटीलाही जाते, पण क्रूझ रविवारी असेल तर तिकडे जाऊ नका. रविवारी मेगाब्लॉक असतो, साधारण सकाळी अकरा ते दुपारी चार, म्हणजे नेमका बोर्डिंगच्या वेळेला. मुख्य मार्गावर चार रुळ आहेत. जलद मार्ग बंद केला तरी गाड्या धीम्या मार्गावरून उशिरानं का होईना, चालतात. हार्बरला दोनच रुळ, त्यामुळे ब्लॉक असलेल्या टप्प्यात गाडीच नसते. ब्लॉक कुठं आहे ते शुक्रवार-शनिवारच्या वर्तमानपत्रात येतं. तेवढं वाचल्याशिवाय शनिवारी झोपू नका.

आपल्याकडे मुंबई म्हटली की काहींना आधी आमदार निवासाचं पत्र आठवतं. दवाखान्याच्या किंवा मंत्रालयाच्या कामाला आलेल्या माणसासाठी ती जागा मोकळी असू द्यावी. आपण सहलीला निघालोय.

लाइन आणि स्टेशन ठरलं की नकाशावर स्टेशनभोवती अर्ध्या किलोमीटरचा घेर धरा आणि त्यातलीच खोली बघा. नकाशा 'पाच मिनिटं' सांगतो तेव्हा मध्ये रेल्वेचा पूल आहे का ते पाहा. बॅगा घेऊन तो जिना चढायचा म्हणजे पाच मिनिटांची पंधरा होतात. लॉज पूर्वेला आहे की पश्चिमेला हेही विचारून घ्या. ठाण्यात चुकीच्या बाजूला उतरलात तर रिक्षानं भला मोठा वळसा पडतो.

दोन-तीन नावं निघाली की बुकिंगच्या ॲपवर न थांबता लॉजला फोन लावा. हा फोन सगळ्यात महत्त्वाचा. जालन्याहून चौघं येणार, दोन मोठी आणि दोन म्हातारी, असं स्पष्ट सांगा आणि एकेक विचारत जा. चौघांना एक खोली मिळेल की दोन घ्याव्या लागतील? जादा गादीचे किती? खोलीला खिडकी आहे का? मुंबईत बिनखिडकीची खोली सर्रास असते आणि फोटोत ती कळत नाही. लिफ्ट आहे का, आणि आहे तर चालू आहे का? गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिसरा मजला म्हणजे शिक्षा. कमोड आहे का? गरम पाणी दिवसभर की सकाळी ठरावीक वेळेतच? चेक-आउट बाराला की चोवीस तासांचं? सांगितलेलं भाडं टॅक्स धरून आहे का? साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटी पाच टक्के आहे. त्याहून जास्त टक्के कुणी सांगितले तर पक्कं बिल मागा. ॲपवरून बुकिंग केलं असेल तर निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा फोन करून खोली खरंच राखून ठेवलीय का ते पक्कं करा. दारात गेल्यावर 'असं बुकिंग आमच्याकडे आलंच नाही' ऐकायची वेळ रात्री दहाला येऊ नये. स्वतःची गाडी आणणार असाल तर क्रूझचे सगळे दिवस ती तिथे उभी करता येईल का आणि रोजचे किती, हेही याच फोनवर ठरवा. मूळ आधार कार्ड प्रत्येकाजवळ हवं. लॉजवर लागतं, धक्क्यावरही ओळखपत्र मूळच दाखवावं लागतं.

मग कागदावर हिशेब मांडा. समजा, फोर्ट भागात खोली साडेचार हजारांना आहे आणि ठाण्याला स्टेशनजवळ अडीच हजारांना. ठाण्याहून सीएसएमटीचं लोकलचं सेकंड क्लासचं तिकीट पंधरा रुपये, चौघांचे साठ. पुढं काळी-पिवळी टॅक्सी. तिचं किमान भाडं एकतीस रुपये आहे, धक्क्यापर्यंत मीटर त्याच्या थोडंच वर जातं. अठराशेच्या वर पैसे वाचले. पण तीच अडीच हजारांची खोली स्टेशनपासून लांब असेल आणि आई-वडिलांना लोकल नको म्हणून ठाण्याहून थेट धक्क्यापर्यंत टॅक्सी करावी लागली, तर निम्मी बचत तिथेच जाते आणि वर रस्त्यावरच्या वाहतुकीची धास्ती. ज्यांना लोकलमध्ये चढता येणारच नाही त्यांनी सरळ जादा भाडं देऊन सीएसएमटीजवळ राहावं, असं मी स्पष्ट सांगेन. एकट्या माणसाला तिथेच आणखी स्वस्त पर्याय आहे: रेल्वेचं विश्रांतीगृह किंवा पॉड. विश्रांतीगृहाला पीएनआर लागतो. रिक्षाच्या भरवशावर मात्र कुणी राहू नका. शीवच्या पुढे, मुंबई शहरात, रिक्षा येतच नाही.

संध्याकाळी फिरायला निघायचा मोह आवरा. पाच ते नऊ या वेळात परतीच्या लोकलला पाय ठेवायला जागा नसते. ठाण्याला राहिलात तर तलावपाळीला एक फेरी मारा, पुरे. घरून आणलेल्या दशम्या, धपाटे, शेंगदाण्याची चटणी त्याच रात्री संपवा, कारण क्रूझवर बाहेरचं शिजवलेलं अन्न सहसा नेऊ देत नाहीत. मंठ्याहून आणलेला डबा धक्क्यावर टाकून द्यायचा म्हणजे जिवावर येतं. वेब चेक-इन राहिलं असेल तर तेही आता लॉजवरच करून टाका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ ते अकरा लोकलकडे फिरकू नका. निवांत नाश्ता करा, आंघोळी उरका आणि बोर्डिंग दुपारी असेल तर अकरानंतरची गाडी धरा. बोर्डिंग सकाळचं असेल तर उलट सातच्या आधी निघा. मोठ्या बॅगा असतील तर दोघांनी त्या घेऊन लगेजच्या डब्यात चढावं, बाकीच्यांनी शेजारच्या डब्यात. सीएसएमटी शेवटचं स्टेशन आहे, उतरायची घाई करायची गरज नाही. सगळे प्लॅटफॉर्मवर जमले, बॅगा मोजल्या की बाहेर येऊन काळी-पिवळी पकडा आणि खिशातला तो कागद ड्रायव्हरला दाखवा.

परतीला बहुधा मुक्काम लागत नाही. बोट सकाळी धक्क्याला लागते आणि जालन्याकडच्या जनशताब्दी आणि वंदे भारत सीएसएमटीहून दुपारी बारानंतर सुटतात. तरी बोटीवरून उतरणं, सामान हातात येणं यात वेळ जातो, म्हणून आरक्षण करताना त्यातली उशिराची गाडी घ्या. शंका वाटत असेल तर रात्रीची देवगिरी बरी. सामान क्लोकरूमला ठेवायचं असेल तर प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं. चार छोटी कुलपं जालन्यातूनच घेऊन निघा.