ताण कुठे, दाब कुठे?

बालमित्रांनो, २९ ऑक्टोबर २०१२ रोजी सँडी वादळ न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा तुमच्यापैकी बरेच जण जन्मलेलेही नव्हते. त्या वादळात ठिकठिकाणी झाडे उन्मळून पडली. अजूनही मोठे वादळ होऊन गेले, की दुसऱ्या दिवशी चेनसॉची घरघर ऐकू येते. म्हणून या पाठासाठी आम्ही हाच विषय निवडला. पालकांनीही वाचावा, कारण भाड्याने चेनसॉ आणून अंगणातले झाड स्वतःच कापणारे बाबा आपल्यात कमी नाहीत.

आधी शब्द पाहू. झाड तोडतात, फांदी छाटतात, लाकूड कापतात, फळ्या चिरतात आणि सरपण फोडतात. कापताना पडतो तो भुसा. झाडाचे 'ते खोड' आणि नखे खाण्याची 'ती खोड' यांत गोंधळ करू नका!

चेनसॉला एक लांब पट्टी असते आणि तिच्या कडेने दातेरी साखळी फिरते. पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, की करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते. हे क्षणार्धात होते, मागे सरायला वेळ मिळत नाही. म्हणून करवत दोन्ही हातांनी, अंगठे मुठीभोवती वळवून धरायची, डोके पट्टीच्या रेषेत आणायचे नाही आणि खांद्याच्या वर कधीही कापायचे नाही. शिडीवर चढून तर नाहीच. साखळी थांबवणारा ब्रेक चालतो की नाही, हे आधीच पाहावे.

पडलेले झाड उभ्या झाडापेक्षा फसवे असते. एक खोडरबर घ्या, त्याच्या कडेवर पेनाने जवळजवळ उभ्या रेघा काढा आणि तो वाकवा. बाहेरच्या बाजूला रेघा फाकतात, तिथे ताण. आतल्या बाजूला त्या जवळ येतात, तिथे दाब. फांदीचेही तसेच होते. दोन्ही टोके टेकलेली आणि मधला भाग अधांतरी असेल, तर दाब वरच्या बाजूला असतो. वरून खोल कापत गेले, की चीर मिटते आणि पट्टी अडकते. म्हणून वरून थोडे कापून उरलेले खालून कापतात. एकच टोक धरलेले आणि दुसरे लोंबत असेल, तर सगळे उलट होते. दाब खाली असतो, म्हणून खालून साधारण एक तृतीयांश कापून मग वरून कापतात. नाहीतर फांदी चिरफाळते आणि खोडाची सालही सोलून नेते. धनुष्यासारखी वाकून अडकलेली फांदी मात्र बाबांनी हातच लावू नये, त्यासाठी शिकलेला माणूस बोलवावा. झाड तारेवर पडले असेल, तर जवळही जाऊ नये, वीज कंपनीला फोन करावा.

बाकी हेल्मेट, चष्मा, कानांचे संरक्षण आणि जाड बूट हवेतच. पायांवर घालायच्या खास आवरणात लांब तंतू असतात. ते साखळीत गुंतून तिला थांबवतात, जीन्सला हे जमत नाही. पेट्रोल इंजिन गार झाल्यावरच भरावे.

आणि तुम्ही मुलांनी कुठे उभे राहायचे? झाड तोडले जात असेल, तर त्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर. चाळीस फुटी झाडापासून ऐंशी फूट! बाबांना काही सांगायचे असेल, तर मागून जाऊन हात लावू नका, यंत्र बंद होईपर्यंत थांबा.

स्वाध्याय : १) दोन दगडांवर टेकलेल्या ओंडक्याचे चित्र काढून 'ताण' आणि 'दाब' लिहा. २) 'ते खोड' आणि 'ती खोड' यांचे एकेक वाक्य करा. ३) पुढच्या वर्गाला खोडरबर आणा, रेघा आपण मिळून काढू.