गाडी ओसरीत, वास घरभर

प्रश्न : चोरीच्या भीतीने रात्री दोन्ही मोटारसायकली आम्ही ओसरीत घेतो. उन्हाळ्यात घरभर पेट्रोलचा वास येतो. गाडी बंद असताना हा वास येतो कुठून? त्याने अपाय होतो का?
— एक वाचक, देवपूर, धुळे

उत्तर : धुरासाठी इंजिन चालावे लागते, वाफेला नुसती ऊब पुरते. धुळे-जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे झुकतो. तापलेली गाडी आत आली की इंजिनाची धग कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलला लागते आणि वाफ निघू लागते. टाकीच्या झाकणातूनही ती निसटते. झाकणाचे रबर वाळलेले असेल तर जास्तच. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत ही वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा असतो. तुमच्याकडे एखादी जुनी गाडी असेल, तर पहिला संशय तिच्यावर घ्या.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती फरशीलगत पसरते, म्हणजे खाली गादी टाकून झोपणाऱ्यांच्या नाकाशीच. तिच्यातले बेंझीन रक्ताच्या कर्करोगाला कारण ठरू शकते. म्हणूनच आपल्याकडे बाहेरच्या हवेतही त्याची वार्षिक मर्यादा घनमीटरला फक्त ५ मायक्रोग्रॅम आहे. एखाद्या रात्री वास आला तर फार तर डोके दुखेल, मळमळेल. काळजी करायची ती वर्षानुवर्षे रोज येणाऱ्या वासाची. कॅनडात घराला नुसते चिकटून गॅरेज असले, तरी आत बेंझीन जास्त आढळते. आपली ओसरी तर घरातच असते.

राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात जळगाव आहे, पण त्याचा भर धूलिकणांवर. ओसरीतली वाफ त्यात येत नाही. तिचा बंदोबस्त आपणच करायचा.

खानदेशात आधी कूलर पाहा. खिडकीबाहेरच्या कूलरच्या पाठीशी गाडी उभी असेल, तर तो तिची वाफ ओढून थेट खोलीत सोडतो. बेंझीन पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे ओल्या ताट्या ते अडवत नाहीत. गाडी तिथून हलवा.

बाहेरून आल्यावर गाडी तासभर अंगणात निवू द्या, मगच आत घ्या. जुन्या गाडीचा पेट्रोल कॉक बंद करा, झाकणाचे रबर बदला. टाकी काठोकाठ भरू नका. नव्या गाडीत त्याने कोळशाचा डबाही खराब होतो. पेट्रोलचा कॅन घरात नकोच. ओसरीत देव्हारा असेल तर समई दुसरीकडे लावा, कारण ही वाफ ठिणगीनेही पेट घेते.